हात खाली करायला लावू नका

प्रश्न: ताई, माझी मुलगी एक वर्ष आठ महिन्यांची आहे. आम्ही ऐरोलीला राहतो. ऐकण्याच्या बेरा तपासणीत तिच्या दोन्ही कानांत ९० डेसिबलच्या वर दोष निघाला. दोन्ही कानांना ऐकण्याचं मशीन लावून चार महिने झाले. डॉक्टर कॉक्लिअर इम्प्लांट करा म्हणतात, म्हणजे ऑपरेशन करून कानात ऐकण्याचं यंत्र बसवायचं. थेरपीच्या मॅडमनी बजावलंय की घरात खुणा अजिबात करायच्या नाहीत, नाहीतर ती बोलणारच नाही. आमच्या सोसायटीत एक डेफ जोडपं राहतं. त्यांनी कागदावर लिहून सांगितलं, सांकेतिक भाषा शिकवा, उशीर करू नका. सासूबाई म्हणतात, हिचा बाबाही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, जरा थांबा. मिस्टरांचं म्हणणं, इम्प्लांट करू, इंग्लिश मीडियमला घालू आणि आत्तापासून घरात इंग्रजीच बोलू. मुलगी आपल्या मनाने खुणा करते. आजी हवी असली की मनगटावर बोटं फिरवते, म्हणजे आजीच्या बांगड्या. मॅडमनी सांगितल्यापासून मी तिचे हात धरून खाली करते आणि 'आ-जी' म्हणायला लावते. ती रडते, मग मीही रडते. मी चुकतेय का? यातलं नेमकं काय निवडायचं? आणि ती मला कधी आई म्हणेल का?
एक आई, ऐरोली

उत्तर: आधी हातांचं बोलू, बाकी सगळं नंतर. आजपासून तिचे हात धरू नका. ती मनगटावर बोटं फिरवेल तेव्हा तिच्याकडे बघा, 'आजी हवी? आजी आत आहे. चल, आजीकडे जाऊ,' असं तोंडाने पूर्ण बोला, बोलताना तुम्हीही मनगटावर बोटं फिरवा आणि तिला आजीकडे घेऊन जा. आवाज, ओठ, हात, तिन्ही तिला मिळू देत.

चुकतेय का, असं विचारलंत. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते तुम्ही जिवावर दगड ठेवून केलंत. हीच गोष्ट मी पगार घेऊन केलेली आहे. माझी पहिली नोकरी कर्णबधिर मुलांच्या एका शाळेत होती. वर्गात हात बाकावर पालथे ठेवायचे, असा तिथला नियम. एखाद्याचा हात उठला की मी बोटाने खाली दाखवायचे आणि तो गपकन हात खाली घ्यायचा. माझ्या वर्गात आठ वर्षांचा एक मुलगा होता. 'पाणी' हा एक शब्द आम्ही त्याच्याकडून महिनाभर घोटून घेत होतो. तो माझ्याकडे मख्खपणे बघत बसायचा आणि डोक्याने मंद असावा, असं मी वहीत लिहूनही ठेवलं होतं. एकदा मधल्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीमागे गेले, तर हाच मुलगा चार-पाच जणांना आदल्या दिवशीची मॅच सांगत होता. बोलर कसा धावत आला, बॅट कशी फिरली, आउट झालेला खेळाडू कसा मान खाली घालून निघाला आणि आपले वडील टीव्हीसमोर कसे चिडले, सगळं. पोरं पोट धरून हसत होती. मी दिसल्याबरोबर दहाच्या दहा हात खिशात गेले.

त्या मुलाजवळ भाषा होती आणि मी ती वर्गाबाहेर ठेवायला लावत होते. आज तो कमावता बाप आहे, भेटला की प्रेमाने भेटतो. पण ते खिशात गेलेले हात मला अजून दिसतात. म्हणून तुमच्या पत्रातल्या त्या ओळीपाशी मी अडले.

आता तुमच्या लेकीने काय केलंय ते नीट बघा. आजी समोर नाही. तरी आजी तिच्या मनात आहे, आणि मनातली आजी दुसऱ्याला कळावी म्हणून तिने बांगड्यांची खूण स्वतः शोधून काढली. एवढीशी पोर, कुणी शिकवलेलं नाही. ऐकू येणारं मूल 'आजी' शब्द बोलतं तेव्हा त्याच्या डोक्यात हेच चाललेलं असतं. म्हणजे भाषेची भूक तिला आहे, आणि बुद्धी लखलखीत आहे. तिच्यापर्यंत पोचत नाहीये तो आपला आवाज.

थेरपीच्या मॅडमवर मात्र राग धरू नका. त्या जे सांगतात त्यामागे एक विचार आहे. मशीन किंवा इम्प्लांटमधून येणारा आवाज मेंदूला नवखा असतो. त्याचा अर्थ लावायला मेंदूला रोजचा सराव लागतो आणि डोळ्यांना सगळं आयतं मिळालं तर मूल कानांवर जोर देणार नाही, अशी ही धास्ती आहे. धास्ती जुनी आहे. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बधिर मुलांच्या शिक्षकांची परिषद भरली होती. मुलांना बोलूनच शिकवायचं, खुणा बंद, असा ठराव तिथे झाला. ठराव करणाऱ्यांत बहुतेक सगळे ऐकू येणारे होते. त्याचे पडसाद जगभरच्या शाळांत शंभर वर्षं उमटत राहिले, माझ्या त्या शाळेतल्या पालथ्या हातांपर्यंत. २०१० साली कॅनडात व्हँकुव्हरला त्याच परंपरेतली परिषद भरली, तेव्हा या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला. खुणा केल्यामुळे मुलाचं बोलणं बंद पडतं, हे सिद्ध झालेलं नाही. मी जी मुलं वाढताना पाहिली त्यांच्यातही मला ते दिसलं नाही. बोलणं अडलं ते मशीन नीट न लावल्यामुळे, उशिरा लावल्यामुळे, थेरपी मधेच सुटल्यामुळे, किंवा कानाची नसच बारीक असल्यामुळे. हातांमुळे अडलेलं एक मूल मला आठवत नाही.

तेव्हा मॅडमना एवढंच सांगा, थेरपीच्या तासात तुम्ही म्हणाल तसं करू. आधी आवाज, मग वस्तू, कानांवर भर, सगळं मान्य. पण उरलेल्या दिवसात मी तिच्याशी मुकी राहणार नाही. समजूतदार थेरपिस्ट हे ऐकून घेते. नाही ऐकलं, तर थेरपिस्ट बदलता येते.

उरलेला दिवस म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काय असतं, ते सांगते. सहा वर्षांचा एक मुलगा होता. घर कळव्याला. आईवडील चांगले, जीव लावणारे. त्याचं बोलणं येईल, येईल म्हणत सगळे थांबले होते. खुणा करायच्या नाहीत हे ठरलेलं. दरम्यान त्यांनी घणसोलीला घर घेतलं. मोठ्या मुलीला महिनाभर आधी सांगितलं, तिने मैत्रिणींचा निरोप घेतला, नव्या खोलीचा रंग निवडला. धाकट्याला सांगायचं तर कसं सांगणार? 'आपण नवीन घरी जाणार' हे सांगायला बोट कुठे दाखवायचं? टेम्पोच्या गडबडीत त्याला आत्याकडे झोपवलं आणि रात्री झोपेतच उचलून नव्या घरात आणलं. सकाळी तो उठला तो अनोळखी घरात. आपल्याला कुणाला तरी देऊन टाकलं, असं त्याला वाटलं असावं. कारण पुढचे तीन दिवस तो शाळेचं दप्तर पाठीला लावून दाराशी बसून होता. आई समोर, वडील समोर, तरी हा दाराशी. त्याची आई मला हे सांगत होती तेव्हा तिला पुढे बोलवेना.

त्या मुलाला मशीन होतं, थेरपी होती, खेळणी होती. 'उद्या' हा शब्द त्याच्याजवळ नव्हता. हाताने नाही, तोंडाने नाही, कशानेच नाही.

म्हणून ताई, तुम्ही विचारता, बोलणं निवडू की खुणा. मी तुम्हाला उलट विचारते: उद्या सकाळी तुम्ही कामाला जाणार आणि संध्याकाळी परत येणार, हे आज तिला सांगता येतं का? बाबा आज रात्री येणार नाही, हे? डॉक्टरकाका टोचतील, थोडं दुखेल, मग आपण घरी येऊ, हे? ज्या मार्गाने हे लवकरात लवकर सांगता येईल तो मार्ग आज धरायचा. दुसरा मार्गही सोडायचा नाही. आणि दर तीन महिन्यांनी मुलीकडे बघून पुन्हा विचार करायचा. ही काही लग्नाची बोलणी नाहीत, एकदा सुपारी फुटली की संपलं. मूल वाढतं, त्याचे कान कळत जातात, तसा बेत बदलायचा.

आता इम्प्लांटचं. इथे मी तुमच्या डॉक्टरांच्या बाजूने आहे आणि सासूबाईंना हात जोडून सांगते, थांबू नका. तुमचा मुलगा उशिरा बोलला, पण त्याला ऐकू येत होतं. बेरा तपासणी मुलाच्या मनावर अवलंबून नसते. मूल झोपलेलं असताना आवाज सोडून कानाच्या नसेतून मेंदूपर्यंत काय पोचतं ते यंत्र टिपतं. आपण शांतपणे बोलतो ते ५०-६० डेसिबलच्या आसपास. ९० च्या वर दोष म्हणजे मशीनशिवाय आपलं बोलणं तिच्या कानी येतच नाही. आणि मेंदूचा ऐकण्याचा भाग लहानपणीच घडतो. जन्मतः बधिर मुलाला इम्प्लांटचा उपयोग पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत जास्त होतो, पुढे तो कमी कमी होत जातो. अनेक देशांत आता धोरणच आहे की जन्मापासून महिन्याभरात चाचणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत मशीन. आपल्याकडे बहुतेकांना तुमच्यासारखं उशिराच कळतं. त्याचा दोष कुणाला देत बसू नका, पण यापुढचा एकेक महिना मोजून वापरा.

मात्र इम्प्लांट म्हणजे काय, हे मिस्टरांसकट सगळ्यांनी आधी समजून घ्या. ऑपरेशन झालं की मूल ऐकायला लागतं, असा समज असतो. तसं होत नाही. आधी सीटी स्कॅन आणि एमआरआय होतात. कानातला शंखाचा भाग आणि नस ठीक आहे ना, ते बघतात. नस नसेल तर इम्प्लांटचा उपयोग नाही, आणि मग सांकेतिक भाषाच मुख्य रस्ता. मेंदूज्वर टाळण्यासाठी आधी लस देतात. ऑपरेशननंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी बाहेरचं यंत्र जोडून चालू करतात, त्याला स्विच ऑन म्हणतात. त्या दिवशी मूल बरेचदा दचकून रडतं. तिथून तिचं ऐकण्याचं वय शून्यापासून सुरू. मग मॅपिंग, म्हणजे यंत्राची जुळवणी, पुन्हा पुन्हा. मग वर्ष, दोन वर्षं, काहींना त्याहून जास्त थेरपी. काही मुलं फोनवर बोलू लागतात, साध्या शाळेत रमतात. काहींना आवाज कळतो, पण बोलणं मोडकंतोडकं राहतं. कोणाचं कसं होईल, हे आधी छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. सांगत असेल तर सावध व्हा. ऑपरेशनच्या कानात उरलंसुरलं नैसर्गिक ऐकणं जाऊ शकतं, हेही विचारून घ्या. आणि वॉरंटी संपल्यावर यंत्र, वायर, बॅटरी यांना किती खर्च येईल ते कागदावर लिहून मागा. योजनेतून इम्प्लांट झालं आणि पुढे वायर तुटली म्हणून यंत्र कपाटात पडलं, अशी घरं मी पाहिली आहेत.

आणखी एक. रात्री झोपताना, अंघोळ करताना, रंगपंचमीला, बॅटरी संपली तेव्हा, यंत्र काढलं की ती पुन्हा बधिरच असणार. त्या वेळीही तिला तुमच्याशी बोलायचं असेल. ताप आलेला, यंत्र काढलेलं, रात्रीचे दोन वाजलेत आणि पोटात कुठे दुखतं ते विचारायचंय. तेव्हा हातच कामाला येतात.

आता सोसायटीतल्या त्या जोडप्याचं. तुम्ही त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिलीत. मला वाटतं तुमच्या पत्रातली ती सगळ्यांत मोलाची माणसं आहेत. दहा बधिर मुलांतली नऊ किंवा त्याहून जास्त मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्यामुळे मोठी झालेली बधिर व्यक्ती कशी जगते, हे आईबापांनी पाहिलेलंच नसतं. लेकीचं पुढे काय होणार, ही भीती सगळी त्या न पाहिलेल्यातून येते. तुम्हाला तर शेजार मिळालाय. त्यांना चहाला बोलवा, कागद-पेन आणि व्हॉट्सअ‍ॅप घेऊन बसा. नोकरी कुठे करता, दाराची बेल कशी कळते, लोकलमध्ये कुणाशी बोलायचं तर काय करता, लहानपणी आईने काय केलं असतं तर बरं झालं असतं, सगळं विचारा. लेकीला त्यांच्या मांडीवर द्या. मी ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी डेफ मुलांचा घोळका कितीदा उभा पाहिलाय, हातांनी गप्पा मारताना, गर्दीचा एवढा गोंगाट आणि त्यांचा एक शब्द वाया जात नाही. तुमच्या लेकीच्या आयुष्यात ही माणसं असावीत, ती उद्या घडाघडा बोलू लागली तरी.

भारतीय सांकेतिक भाषा ही मराठीच्या शब्दाला एकेक खूण अशी नसते. तिला स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, भुवया आणि चेहरा यांनाही अर्थ असतो. बांगड्यांची खूण ही सुरुवात आहे, भाषा अजून नव्हे. पाण्याकडे बोट दाखवून भाषा होत नाही. म्हणून घरातल्या खाणाखुणांवर थांबू नका, खरी भाषा शिका. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने दहा हजार शब्दांचा कोश व्हिडिओंच्या रूपात केलेला आहे, तो फुकट बघता येतो. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक टीव्ही-सेवेचं ३१ नंबरचं चॅनेल या भाषेसाठीच चालतं. पण कोशातून भाषा येत नाही, माणसांतून येते, म्हणून पुन्हा त्या शेजाऱ्यांकडे बोट दाखवते. आणि खरं ते सांगते, हा रस्ताही फुकटचा नाही. तुम्हाला लेकीच्या चार पावलं पुढे राहावं लागेल. आई एकटी शिकली आणि बाबा, आजी तशीच राहिली, तर जेवणाच्या ताटावर सगळे हसतात तेव्हा पोर एकेकाचं तोंड बघत बसते. 'काय झालं?' विचारलं तर 'काही नाही, नंतर सांगते.' हे 'नंतर सांगते' बधिर माणसांना जन्मभर ऐकावं लागतं, आणि घरातलं सर्वांत जास्त लागतं.

ओठ वाचून कळेल, असं कुणी सांगितलं तर एक करून बघा. आरशासमोर आवाज न काढता म्हणा: पापा. बाबा. मामा. तिन्ही ओठांवर हुबेहूब सारखे दिसतात. बाबा आला की मामा, ते ओठांवरून कळत नाही. दारात कोण उभं आहे त्यावरून कळतं. क, ग तर घशातच राहतात. ओठवाचन टेकूसारखं असतं, त्यावर घर उभं राहत नाही.

मिस्टरांच्या इंग्रजीबद्दल मी स्पष्टच बोलते. तुमच्या घरात आजी कोणत्या भाषेत ओरडते? तुम्ही अंगाई कशात म्हणता? भांडता कशात? ती भाषा लेकीची. ऐकू येणारं मूल आजूबाजूने, टीव्हीवरून, जिन्यातून शब्द उचलतं. हिला तसं काही मिळणार नाही. जे तिच्यासमोर, जवळून, अर्थासकट बोललं जाईल तेवढंच मिळेल. बाबांना ऑफिसपुरतं येणारं आणि आजीला अजिबात न येणारं इंग्रजी घरात आणलंत, तर घरातलं बोलणंच अर्धं होईल. 'कम', 'सिट', 'ईट' एवढ्यावर मूल कसं वाढणार? एक भाषा पक्की होऊ द्या, तिच्यावर दुसरी चढते. मराठी आणि सांकेतिक भाषा या दोन्ही एकदम झेपतील का, ही काळजी करू नका. मुलांना दोन भाषा झेपतात. अर्ध्या भाषा झेपत नाहीत. शाळेचं माध्यम ठरवायला अजून तीन-चार वर्षं आहेत. तेव्हा ती किती ऐकते, किती बोलते, वर्गात किती मुलं, बाई तोंड फळ्याकडे करून शिकवतात का, हे बघून ठरवा.

येत्या महिन्यात काय करायचं ते सांगते. मशीन चार महिने लावलंय म्हणता, पण दिवसाचे किती तास? ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, मशीन संगणकाला जोडून तास काढून देऊ शकतात. झोप सोडून सगळा वेळ कानात हवं. शिट्टी वाजत असेल तर मोल्ड, म्हणजे कानात बसणारा मशीनचा साचा, सैल झालाय. या वयात कान भराभर वाढतो, काही महिन्यांनी मोल्ड बदलावाच लागतो. पावसाळ्यात तुमच्याकडे खाडीची दमट हवा, म्हणून रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. मशीन लावून कुठले आवाज किती ऐकू येतात त्याचा वेगळा आलेख मागा. इम्प्लांटचा निर्णय त्यावर ठरतो, नुसत्या बेरावर नाही. आणि रोज सकाळी मशीन लावलं की, ओठ न दाखवता, सहा आवाज काढून बघा: म, ऊ, आ, ई, श, स. आवाजांच्या सगळ्या पट्ट्या, जाड्या ते बारीक, या सहांत येतात. कुठल्या आवाजाला ती थबकते, डोळे हलवते, कुठल्याला काहीच नाही, ते लिहा. घरात कालनिर्णय असेलच, त्याच्या तारखेच्या चौकटीत लिहा. खाली, त्या दिवशी तिला नव्याने कळलेला एक शब्द, कानाने कळला की हाताने तेही. तीन महिन्यांनी ती पानं उलटलीत की कुठला रस्ता चालू आहे ते तुम्हाला दिसेल.

वाशीला नवी मुंबई महापालिकेचं अपंग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथे आधी जा, घराजवळ आहे. मग बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत. १९८३ पासून हेच काम करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तपासणी, थेरपी, पालकांना मार्गदर्शन सगळं एका छताखाली होतं आणि एडिप या केंद्र सरकारच्या योजनेतून इम्प्लांटला मदत मिळवायची वाटही तिथूनच जाते. त्या योजनेला वयाची आणि उत्पन्नाची अट असते, म्हणून आजच चौकशी करा. सगळा दिवस जाईल असं धरून डबा आणि मशीनच्या जादा बॅटऱ्या घ्या. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढा. ते काढायला बरीच घरं कचरतात, पोरीवर शिक्का बसेल म्हणून. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने दोन्ही कानांत ७० डेसिबलचा दोष असला की ते बाधिर्य धरलं जातं, आणि ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. हक्काच्या कागदाला शिक्का म्हणू नका.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, ती आई म्हणेल का. 'आई' या शब्दात दोनच आवाज आहेत, आ आणि ई, आणि दोन्ही त्या सकाळच्या सहांत आहेत. 'आ' मोठा आणि मोकळा आवाज, तो चांगल्या मशीनमधून आज ना उद्या पोचेल. 'ई' मध्ये बारीक आवाजाचा भाग असतो. तो पोचला नाही तर मुलाला 'ई' च्या जागी 'ऊ' ऐकू येतो. म्हणजे ती तुम्हाला आधी 'आऊ' म्हणण्याची शक्यता आहे. म्हणाली तर लगेच सुधारू नका. ओ द्या, उचलून घ्या. आणि कालनिर्णयवर लिहा, तो ऑडिओलॉजिस्टच्या उपयोगाचा पुरावा आहे.

पण मला वाटतं तिने तुम्हाला हाक मारायला आधीच सुरुवात केली असणार. जी पोर आजीसाठी खूण काढते तिने आईसाठी काढली नसेल, हे मला पटत नाही. तुम्ही तिचे हात धरत होतात म्हणून ती कदाचित तुमच्यासमोर करत नसेल. आजीला विचारा, दिवसभर तुम्ही घरात नसता तेव्हा ती तुमच्यासाठी काय करून दाखवते: ऑफिसची बॅग, केसांचा क्लिप, ओढणी? कळलं की संध्याकाळी दारात उभ्या राहून तीच खूण आधी तुम्ही करा, स्वतःकडे बोट दाखवून. मग तिचा चेहरा बघा, आणि काय झालं ते मला कळवा.